“दादाला कळवलंस ना रे?”

प्रिय दादा,
प्रभूमध्ये सलाम.

बाबा जाऊन तीन आठवडे झाले. आजारपणात ते रोज विचारायचे, “दादाला कळवलंस ना रे?” मी म्हणायचो, “कळवलंय, येतोय.”

मी कळवलंच नव्हतं. तू भांडून गेल्यापासून आठ वर्षं त्यांचं सगळं मी केलं. तू दारात दिसताच ते तुला माफ करतील, हे मला बघवणार नव्हतं.

शेवटच्या सकाळी त्यांनी माझा हात धरला. “तू कळवलं नाहीस, ठाऊक आहे मला. असू दे, पोरा.”

शवपेटी मीच रंधा मारून बनवली. पाळक म्हणाले, “असा मुलगा देव सर्वांना देवो.” सगळ्यांनी आमेन म्हटलं. मला म्हणवलं नाही.

हे पत्र चौथ्यांदा नीट उतरवलंय. रोज पत्रपेटीपर्यंत नेतो आणि परत आणतो.

तुझी माफी अडवून बसलेला,
तुझा धाकटा