चार इंच कमी

मावशी, एखादी बाई आरशासमोर उभी राहते, स्वतःकडे वरपासून खालपर्यंत बघते आणि खूश होते, हे तिला कसं जमतं? मला या प्रश्नाचं उत्तर येत नाही. आपल्या घरातली मी पहिली पदवीधर, तीही आहारशास्त्राची, त्यामुळे एखादी गोष्ट येत नाही असं मी सहसा कबूल करत नाही. पण हा प्रश्न गेलं वर्षभर आमच्याच जिन्यावरून गाणं गुणगुणत वर-खाली करतो आहे, दुकानातल्या प्रत्येक आरशापाशी थांबतो आहे आणि माझ्या दादाशी त्याचं लग्न झालेलं आहे. मी त्याला वहिनी म्हणते.

तर आधी साष्टांग नमस्कार. (कागदावरच समज. सध्या मला वाकायची भीती वाटते, का ते पुढे येईलच.) तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला गेला, की पाहुणे जास्त वेळ बसले म्हणजे ते अजून तो काढतात? आई ठणठणीत आहे. तिचं शिलाई मशीन मध्यंतरी कुरकुरत होतं, तेल घातल्यावर गप्प झालं. दादा आहे तसाच आहे, म्हणजे कापडाचा गठ्ठा आणायला जातो आणि गप्पा आणतो. माझी तब्येत मुद्दाम विचारू नकोस, कारण पुढचं सगळं पत्र तिच्याचबद्दल आहे.

आपल्या दुकानाच्या काचेत माझा पदवीदानाचा फोटो होता, तो तुला आठवत असेल. मागच्या वेळी आलीस तेव्हा तू तो पदराने पुसून नीट लावला होतास. काळा झगा, चौकोनी टोपी, हातात गुंडाळी. त्या झग्यात मी नेमकी कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे कोणालाच कळत नाही, म्हणून तो माझा सगळ्यात लाडका फोटो. दोऱ्याच्या रिळांच्या आणि बटणांच्या मधोमध तो उभा असायचा. नवीन गिऱ्हाईक आलं की आई गळ्यातली टेप हातात घेण्याआधी त्याच्याकडे बोट दाखवायची. ‘ही माझी मुलगी,’ एवढंच म्हणायची, पण ते अशा सुरात की गिऱ्हाईक भाव करायचंच विसरायचं.

आता आपल्या दुकानाच्या रीतीबद्दल. तुला ती सांगायची गरज नाही, कारण ती तूच सुरू केलीस असं आई म्हणते. (तू नाकबूल होशील, असंही तीच म्हणते.) आई बाईच्या कमरेला टेप लावते आणि खऱ्या मापापेक्षा चार इंच कमी असा आकडा मोठ्याने सांगते. कापडाच्या टेबलाशी उभा असलेला दादा मनातल्या मनात चार मिळवतो आणि खडूने खरा आकडा कापडावर लिहितो. बाई कमी आकडा ऐकून खुशीत घरी जाते, ड्रेस मात्र अगदी अंगासरसा बसतो आणि सगळीकडे बोलबाला होतो की हिच्या हातात जादू आहे. कॉलेज करून आल्यावर मी या रीतीला कडाडून विरोध केला होता. बाईला तिचा खरा आकडा ऐकायची लाज वाटावी हीच मुळात शरमेची गोष्ट आहे, आपण तिला आहे तशी स्वीकारायला शिकवलं पाहिजे, असा माझा एक लेख मी आईला आख्खा वाचून दाखवला. आई तुरपाई करत होती. लेख संपल्यावर ‘बरं हं’ म्हणाली आणि पुढच्या बाईला पाच इंच कमी सांगितले.

आणि मग वहिनी आली. वहिनी जाड आहे. (हा शब्द शिवी नाही, ते नुसतं वर्णन आहे, असं मी दवाखान्याच्या आहार सल्ला विभागात रोज दहा जणांना समजावते.) ती माझ्यापेक्षा जाड आहे. हे दुसरं वाक्य मात्र वर्णन नव्हे, तो माझा आधार होता. लग्न ठरलं तेव्हा मी मनाशी म्हटलं होतं, बिचारी, हिला किती ऐकून घ्यावं लागलं असेल, आपण हिला धीर देऊ. धीर द्यायची मी इतकी तयारी केली होती मावशी! पण तिने तो मागितलाच नाही. एके दिवशी दुकान भरलेलं असताना आई तिच्या पिवळ्या ड्रेसचं माप घेत होती, आणि सवयीने चार कमी करून आकडा सांगितला. वहिनीच्या तोंडात बिस्कीट होतं. ते तसंच एका गालात सरकवून ती म्हणाली, ‘अहो आई, माझे चार इंच कुठे गेले? परत द्या बघू! खाऊन-पिऊन कमावलेत मी ते.’ मग शेजारची बेकरीवाली एवढ्या जोरात हसली की तिच्या हातून पिशवी पडली. म्हणाली, ‘मग माझेही ठेवले असतील की मागे, तेही काढा!’ त्यानंतर बायका स्वतः होऊन खरा आकडा मागायला लागल्या. आता तर त्या बाकावर बसून आकडे एकमेकींना सांगतात आणि टाळ्या देतात.

मला सांग, हे माझं काम नव्हतं का? मी त्यासाठी रात्रंदिवस अभ्यास केला, परीक्षा दिल्या, चष्मा लागला. आणि हिने ते एका बिस्किटावर उरकलं. तिने या विषयावरचं एक पान वाचलेलं नाही. मी माझा लेख तिला भेट दिला, तर तिने त्याची घडी घालून हलणाऱ्या मशीनच्या पायाखाली सरकवली. (मशीन आता हलत नाही. तेवढा उपयोग झाला हे मी मान्य करते.) पुढे दादाने पिवळ्या ड्रेसमधला तिचा फोटो काढला, चांगला मोठा करून घेतला आणि काचेत लावला. कमरेवर हात, मान वाकडी, आणि चेहऱ्यावर असा भाव की बघणाऱ्याचं नशीबच थोर. आणि माझा फोटो? तो कपडे बदलायच्या खोलीत गेला. ‘तिथे बायकांना निवांत बघता येईल,’ हे दादाचं म्हणणं. तिथे खुंटी एकच आहे, मावशी. परवा माझ्या चौकोनी टोपीवर कोणाचा तरी स्वेटर अडकवलेला होता.

त्या दिवशी मी बारीक व्हायचं ठरवलं. तुझ्यापासून काय लपवायचं, मला आरोग्यबिरोग्य काही नको होतं. मला काचेतली जागा परत हवी होती. वाटलं, आपण इतकं बारीक व्हावं की झग्याशिवायचा फोटो काढता येईल, आणि तो बघून दादाच म्हणेल, अरे, ही तर आपली! पण हे उघडपणे करता येईना. दवाखान्यातल्या वजनकाट्याच्या तबकडीवर मीच कागद चिकटवला आहे, ‘तुमची किंमत येथे दिसत नाही’ असा. (एका निवृत्त हेडमास्तरांनी ‘मग कुठे दिसते, बिलात?’ असं विचारलं होतं. त्यांना मी पुढची तारीख दिली.) तेव्हा तत्त्व म्हणून मला काट्यावर उभं राहता येत नव्हतं. म्हणून मी दर रविवारी गुपचूप आईकडून माप घ्यायला लागले. आई गिऱ्हाइकांना कमी सांगत असेल, पण पोटच्या पोरीशी धंदा थोडीच करील? आणि खरोखर, दर रविवारी आकडा खाली! मी काकडी खात होते, मीठ न घातलेल्या उकडलेल्या भाज्या खात होते आणि संध्याकाळी दुसऱ्यांच्या ताटाकडे बघत होते. वहिनी माझ्यासमोर बसून केक खायची आणि बोटं चाटत विचारायची, ‘वन्सं, कोणावर रागावून काकडी खाताय?’ मी म्हणायचे, आरोग्यासाठी. ‘आरोग्य असं तोंड करून येतं होय?’ असं म्हणून ती उरलेला तुकडा माझ्याकडे सरकवायची. मी तो इतक्या स्वाभिमानाने परत सरकवायचे की नंतर दुपारभर मला त्या स्वाभिमानाची चव तोंडात जाणवायची. ती कडू असते.

मग दवाखान्याचा वार्षिक कार्यक्रम आला. आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला भाषण करायला सांगितलं, विषय ‘शरीराशी मैत्री’. मी आईला म्हटलं, मला गडद हिरवा ड्रेस शिव, आणि माझ्या नव्या मापाचा शिव. आता नीट लक्ष दे, कारण पुढे जे झालं ते आपल्याच घरात होऊ शकतं. त्या दिवशी दादा कापड आणायला गेला होता, म्हणून टेबलाशी खडू घेऊन वहिनी उभी होती. आईने माझं माप घेतलं आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून, रविवारी एकेक करत उतरवलेले चार इंच वजा करूनच आकडा सांगितला. तिला वाटलं, सून चार मिळवील. सुनेला वाटलं, आपण ती रीत कधीच मोडीत काढली, आता या दुकानात जे बोलतात तेच माप. तिने ऐकलं तसं लिहिलं. आईने लिहिलं तसं कापलं. आणि मी ऐकलं त्यावर विश्वास ठेवला. तिघींनीही आपापलं काम चोख केलं.

आईने हूक लावून ड्रेस ऐन कार्यक्रमाच्या सकाळी हातात दिला. तो चढवायला मला सगळा श्वास बाहेर टाकावा लागला. मला वाटलं, आईने मुद्दाम घट्ट ठेवलाय, माझा नवा बांधा दिसावा म्हणून. मी तशीच, वरवरचा श्वास घेत, सभागृहात गेले. पहिल्या रांगेत आई, दादा आणि वहिनी. भाषण छान चाललं होतं, माझा आवाज थोडा बारीक येत होता एवढंच. ‘आपलं शरीर हे आपलं घर आहे,’ मी म्हटलं, ‘त्याची दारं उघडा!’ आणि दोन्ही हात वर केले.

दारं उघडली. डावीकडे काखेपासून कमरेपर्यंत. माईक जवळच असल्यामुळे तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नीट पोचला. (आई शिवणीत माया म्हणून जादा कापड ठेवते हे खरं, पण चार इंच कोणती शिवण पोटात घेणार?) मी हात वर केलेल्या अवस्थेत तशीच उभी राहिले, कारण खाली घेतले तर उजवी बाजू जाईल असं वाटत होतं. तेवढ्यात वहिनी पायऱ्या चढून वर आली. घाई नाही, गडबड नाही. कॉलरला टोचलेल्या टाचण्या तिने तोंडात धरल्या, माझ्या कमरेशी वाकली, एकेक लावायला लागली आणि टाचण्यांमधूनच माईकवर म्हणाली, ‘ड्रेस चुकला बरं का, ही नाही. ही बरोबर आहे. माप मी लिहिलं होतं.’

आख्खं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. कोणासाठी? तिच्यासाठी! माझं भाषण तीन पानांचं होतं, मावशी. तिने ते एका ओळीत सांगितलं, तेही तोंडात टाचण्या धरून. नंतर चहाच्या वेळी डॉक्टरीणबाई माझा हात हातात घेऊन म्हणाल्या की तुमच्या वहिनी फार छान बोलतात, त्यांना पुढच्या वर्षी बोलावू या.

घरी आल्यावर मी आईशी भांडले. म्हटलं, तू मलाही गिऱ्हाइकच समजलीस. सगळे रविवार खोटे! आई उसवलेली शिवण मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, ‘गिऱ्हाइकाला कमी सांगते ते गिऱ्हाईक परत यावं म्हणून. तुला सांगत होते ते तू जेवायला परत यावीस म्हणून. वाटलं, आकडा उतरला की हिचं समाधान होईल, मग पानावर बसेल. तू तर आणखीच काकड्या आणल्यास.’ यावर आहारशास्त्रात काही उत्तर नाही, मी सगळं शोधलं. वहिनीने केक पुढे सरकवला. मी खाल्ला. चांगला होता, याचाही मला रागच आला.

काकांना नमस्कार, गुडघ्यांना तेल.

तुझी पदवीधर भाची

ता. क. : एवढं लांब पत्र कशासाठी, ते आता सांगते. तू दादाला एक चिठ्ठी लिही, की दुकानाच्या काचेत पोरीचा पदवीचा फोटो दिसत नाही, बरं दिसतं का ते? तुझं तो ऐकतो. मी लिहायला सांगितलं हे मात्र कळू देऊ नकोस. तुला ते आपलं आपणच सुचलं असं दिसू दे.

ता. क. २ : वहिनीचा मला हेवा वाटतो असं वरून वाटलं असेल, तर ते माझ्या भाषेचं अपयश समज. ती मला आवडते, एवढंच फक्त मला सहन होत नाही.

ता. क. ३ : दादाला लिहू नकोस. दवाखान्याच्या फोटोवाल्याने कार्यक्रमाचे फोटो आणून दिले. एकात मी हात वर करून उभी आहे, बाजू उसवलेली, आतला सगळा ऐवज जगासमोर, आणि वहिनी कमरेशी वाकून टाचण्या लावते आहे. दोघीही हसतो आहोत. मी हसले होते हे मला आठवत नाही, पण दात माझेच आहेत. आज दुकान उघडण्याआधी मी वहिनीचा पिवळ्या ड्रेसमधला फोटो काचेतून काढला, कपडे बदलायच्या खोलीत माझ्या टोपीशेजारी टांगला (आता तिच्यावरही थोडे स्वेटर येऊ देत) आणि हा नवा फोटो काचेत लावला. बेकरीवाली बघून गेली. आई दोनदा बाहेर जाऊन रस्त्यावरून बघून आली. मी पूर्ण दिसते, उसवलेल्या बाजूसकट, चारही इंच मोजून घे. वहिनीचा एक खांदा आणि थोडी पाठ तेवढी चौकटीबाहेर गेली आहे. चौकट लहान होती.

(मोठी चौकट होती. मी ती घेतली नाही.)