यांचं वेगळं मीठ

मंगळवार, संध्याकाळ

हे अजून दवाखान्यातच आहेत. रक्तातलं पोटॅशियम उतरलेलं नाही. सकाळपर्यंत उतरलं नाही तर डायलिसिस.

बीपीची टेल्मिसार्टन गोळी सुरू झाली तेव्हा मीच यांच्यासाठी वेगळं मीठ आणलं, कमी सोडियमचं. बीपीला मीठ वाईट, एवढंच मला ठाऊक. त्यात नवरात्र आलं. देवीपुढे फुटलेल्या नारळाचं पाणी वाया जाऊ द्यायचं नाही, म्हणून रोज गडवाभर घरी आणायची. "मले काय बाळंतीण समजून राहिली?" म्हणायचे, पण पिऊन टाकायचे.

काल यांचे पाय उचलेनात, नाडी मंदावली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दीदी, नमक कौन सा देती हो?" मी ऐटीतच सांगितलं. मग त्यांनी समजावलं. त्या मिठात पोटॅशियम असतं, नारळपाण्यातही असतं, आणि ही गोळी ते अंगाबाहेर जाऊ देत नाही. यांची किडनी आधीच थकलेली. गोळी सुरू झाल्यावर रक्त तपासायचं होतं म्हणे. कोणी सांगितलंच नाही, की आम्ही मनावर घेतलं नाही? आठवत नाही.

मुलगा म्हणतो, "मम्मी, आपको क्या पता था." खरं आहे. पण ते मीठ रोज वेगळं काढून, आठवणीने मीच घालत होते ना.

दुपारी हे क्षीण आवाजात म्हणाले, "इथलं अळणी लागते. घरून आण." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साधा भात चालेल, साधंच मीठ, तेही कमी. मी हव म्हटलं. घरी येऊन लावलेला भात झाला आहे. दोनदा चिमटीत मीठ घेतलं आणि परत ठेवलं.

शेवटी सुनेला हाक मारली. म्हटलं, तूच घाल.