गिरणीवाल्याचं दळण

८ जानेवारी १९५६, रविवार
पुण्याच्या रेडिओ केंद्राचं पत्र आलं होतं, आज चौथ्यांदा वाचलं. १३ फेब्रुवारीला आवाजाची परीक्षा. स्वतः रचलेली तीन लोकगीतं हवीत. दोन तयार आहेत. गेल्या गणपतीत देहूरोडला डेपोच्या कामगारांनी दोन्हींना वन्समोअर दिला. ओवीची चाल, खाली ढोलकीवर सिनेमाचा ठेका. या बाजूला असं कुणी करत नाही. तिसरं महिन्याभरात होईल. हमाली करून चिंचवडात पिठाची गिरणी टाकली, त्या माणसाला एक गाणं काय जड.

९ जानेवारी, पहाटे ४
गाणी मला याच वेळी सुचतात. अर्धवट झोपेत, चालीसकट. अडचण एकच. भिंतीपलीकडे गोजाबाई नेमकी तेव्हाच दळायला बसते. जात्याची घरघर, वर तिचं गाणं. एकाग्रता होत नाही. मंजुळाला सांगितलं, तर म्हणाली, अहो, म्हातारीचं दळण बंद झालं तर तुम्हाला सुचायचं कसं?
बायकोला काव्यातलं कळत नाही.

१५ जानेवारी
गोजाबाईला समजावलं. मावशी, साठी उलटली, कंबर गेली, दळण माझ्याकडे टाका. म्हणाली, उद्धवा, तुझ्या गिरणीचं पीठ गरम येतं, भाकरीला चव न्हाई. तिसऱ्या खेपेला ऐकलं. तिला आराम, मला शांतता.

१७ जानेवारी, पहाटे ४
पूर्ण शांतता. काही सुचलं नाही. पहिलाच दिवस आहे.

२२ जानेवारी
अजून काही नाही. दोष चहाचा. उद्यापासून बंद.

२३ जानेवारी
डोकं दुखलं. एकाच्या बाजरीत दुसऱ्याची ज्वारी दळली गेली. चहा चालू.

२९ जानेवारी
दत्तोबा ढोलकीवाला तालमीला आला. तासभर ढोलकी बडवून म्हणाला, राव, गाणं कुठाय? म्हटलं, पाळण्यात आहे. म्हणाला, मग पाय तरी दिसू द्या.

२ फेब्रुवारी
निश्चय करून लिहायला बसलो. ‘पिंपरीला झाला कारखाना’ एवढं झालं. मंजुळाने सहज विचारलं, तुमच्या दोन्ही गाण्यांतला बंधुराया कोण हो? तुम्हाला तर भाऊ नाही. म्हटलं, कवीला सगळेच भाऊ. म्हणाली, गोजाबाईला आहे एक, चाकणला.
भाजीत मीठ कमी होतं, ते सांगितलं.

५ फेब्रुवारी
विचारान्ती ठरलं: जात्याची लय हवी. फक्त लय. गोजाबाईला म्हटलं, पहाटे जरा जातं फिरवा. म्हणाली, रिकामं जातं फिरवत न्हाईत, घराला बरं नसतं. दाणे तर तूच दळून ठिवलेस.
उद्या माझे दाणे नेतो.

६ फेब्रुवारी
पायलीभर ज्वारी डोक्यावर घेऊन गेलो. दिवसाढवळ्या गेलो, ही चूक. विहिरीवरच्या बायका बघत राहिल्या. छबूबाई म्हणाली, गिरणीवालं दळायला कुठं निघालं? म्हटलं, प्रयोग आहे.

७ फेब्रुवारी
पहाटेपासून भिंतीला कान, हातात पेन्सिल. पायली दळून झाली, तोंडातून शब्द नाही. पीठ आणायला गेलो तेव्हा विचारलं. म्हणाली, दुसऱ्याचं दळताना गाणं येत न्हाई, बाबा. आपलं माणूस जेवणार असलं की येतं.
जरा वेळ तिथेच बसलो. पीठ गार होतं.

९ फेब्रुवारी
गावात बोभाटा. गिरणीवाला स्वतः गिरणीचं पीठ खात नाही, म्हणजे पिठात काहीतरी आहे. आज एकच गिऱ्हाईक, तेही इंजिन बघायला. छबूबाईला म्हटलं, पीठ चांगलं आहे. म्हणाली, मग तुमी का नेलंत जात्यावर? खरं सांगणार होतो. खरं काय, तेच नीट मांडता येईना.

१३ फेब्रुवारी, संध्याकाळ
परीक्षा झाली. दोन गाणी उत्तम. तिसरं म्हणा म्हणाले. पहिलंच जरा वेगळ्या चालीत म्हटलं. साहेब भला माणूस. हळूच म्हणाला, ही कुणाकडून ऐकलीत? म्हटलं, माझे कान फार तिखट आहेत. त्याने कागदावर ‘रचना’च्या पुढचं माझं नाव खोडलं, मला दिसणार नाही असं. दिसलं नाहीच. टाकाची खरखर ऐकू आली.

१४ फेब्रुवारी, पहाटे ४
इंजिन चार दिवस गार. आळीत घरोघर जाती फिरायला लागलीत. पलीकडे गोजाबाई बसली आहे. दुसरा आवाज कुणाचा म्हणून शेजारी पाहिलं, मंजुळाचं अंथरूण रिकामं. ओवी नवीन आहे:

गिरणीवाला गं उद्धव, त्याचं इंजिन पुकारी
दळण डोईवर घेऊन आला गोजाच्या गं दारी

दोघी हसल्या, मग पुन्हा म्हटली. चाल फार चांगली आहे. उतरवून घेतली आणि खाली सवयीने माझं नाव लिहिलं. मग खोडलं. नाव गाण्यात आलेलंच आहे.