तुमच्या कानटोपीची लोकर

तात्या, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग काही निवत नाही. आज गळांची डबी उघडली आणि तो दुधासारखा पुन्हा उतू गेला.

लढाईचा काळ होता. भिंगारच्या बाजारात तुमचं शिवणाचं दुकान. छावणीतला साहेब मासे धरायच्या त्याच्या खोट्या माश्या तुमच्याकडे दुरुस्तीला टाकायचा; गळाला पीस आणि रेशीम गुंडाळलेल्या. त्या उसवून बघत तुम्ही बांधायला शिकलात, आणि तुमच्या शेजारी बसून मी. साहेबानं टाकलेली तडकी काठी तुम्ही मला दिलीत, वर सिगारेटची पत्र्याची डबी. म्हणालात, "पोरी, डबी भरल्याबिगर नदी बघायची नाही." भरली की मी! पण आपण पडलो शिंपी. लाल रेशीम, जर, मोराचं पीस. एकेक माशी लग्नाला निघाल्यासारखी.

आजोळी कोल्हारला प्रवरेत त्या टाकल्या. दोरी मागंपुढं झुलवताना कधी बाभळीत अडकते, कधी माझ्याच वेणीत. धुणं धुणारी एक मावशी ओरडते, "आगं बया, शिंप्याची पोर वारं शिवती!" सगळा घाट हसतो, तुम्हीसुद्धा. मासा मात्र ढुंकून बघत नाही. पुढच्या खेपेला मी काठी खाली ठेवली आणि नुसती पाण्याकडे बघत बसले. बाभळीवरून तपकिरी किडे टपटप पडत होते, मासे तेवढेच टिपत होते. जरीचा थाट हवा कुणाला? तुमच्या कानटोपीची सुटलेली लोकर तिथंच ओढली, कोंबड्याचं मातकट पीस लावलं. "हे काय ध्यान!" तुम्ही म्हणालात. त्याच ध्यानाला हातभर मासा लागला.

मग साहेब विलायतेला निघाला. माझी डबी मला न विचारता तुम्ही त्याच्यापुढं धरलीत. मी चहा घेऊन दाराआड उभी. सगळी जर बाजूला सारून त्यानं ते ध्यानच उचललं. "ये किसने बनाया?" आणि तुम्ही म्हणालात, "हमने, साहब."

ती माशी गेली ते मी सोसलं असतं, तात्या. पण घरी विचारलं तर म्हणे, "तुझं नाव सांगून काय करायचं होतं? साहेब हसला असता." हसला असता! घाट हसला तेव्हा मी मेले का? साहेबापुढं नसेल जमलं. पण चुलीपुढं, भाकरी मोडता मोडता एकदा तरी म्हणायचं होतं, पोरी, ती तुझी होती. जन्मभर नाही म्हणालात.

हा कागद घडी घालून डबीतच ठेवीन. तुमची कानटोपी अजून आहे; दर वर्षी तिची लोकर ओढून एक माशी बांधते. आता नुसता कानावरचा तुकडा उरलाय. यंदा बांधायला बसले, धागा चिमटीत धरला, आणि खरं सांगते, ओढवेना.