तळटीप एक्केचाळीसची दुरुस्ती

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, कायद्याची निवृत्त प्राध्यापिका, विद्यार्थ्यांत 'तळटीपबाई' म्हणून ओळखली जाणारी, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, मला कोणी भरीस घातलेले नाही आणि गुडघे सोडले तर तब्येतीची तक्रार नाही. यापूर्वीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागात लिहिली होती.

कलम १. माझी पुस्तके व लेखांच्या फायली माझे सहकारी प्राध्यापक 'परंतु' (हेही विद्यार्थ्यांनी ठेवलेले नाव) यांना द्याव्यात. बत्तीस वर्षे आम्ही एकाच विषयावर भांडलो: माल खपवण्यासाठी बोललेल्या शब्दांना इतर बोलण्याइतके स्वातंत्र्य असावे का, आणि मालावरचे नाव कोणाचे, बनवणाऱ्याचे की ते तोंडी रुळवणाऱ्या गिऱ्हाइकांचे. माझी निळी छत्री त्यांच्याकडेच राहू द्यावी. मी ती विसरलेली मात्र नाही.

कलम २. राहत्या घराचा वरचा मजला माझ्या धाकट्या भावाला, खालचा त्याच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला. भाऊ साबण बनवतो. एकोणीस वर्षे तो माझ्याशी बोललेला नाही, आणि त्याचे कारण पुढच्या कलमात आहे.

कलम ३. आई साबण करायची तेव्हापासून आमच्या वेष्टनावर एक ओळ असे: 'आईच्या हातचा'. आई गेल्यावरही भावाने ती छापणे चालू ठेवले. मी माझ्या गाजलेल्या लेखात, तळटीप एक्केचाळीसमध्ये, ही ओळ दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचे उदाहरण म्हणून दिली. प्राध्यापक परंतु म्हणाले, "अहो, ही मायेची बोली आहे. गिऱ्हाईक काय स्वयंपाकघरात डोकावून बघतं का?" मी म्हटले, खोटे ते खोटेच. पुढे जाहिरात समितीने मत मागवले, तेव्हा मी सख्ख्या भावाविरुद्ध सही केली. निःपक्षपातीपणाचा मला तेव्हा फार अभिमान वाटला.

ओळ गेली. भावाने चिडून दोन महिने चुलीवर कढई चढवली नाही. उरलेला माल होता तेवढा विकून टाकला.

गेल्या महिन्यात भाची सहज बोलून गेली: "आत्या, बाबा प्रत्येक नव्या घाण्यात, म्हणजे कढईभर साबणात, आधीच्या घाण्यातला मूठभर साबण किसून घालायचे. आजीनं शेवटचा घाणा केला तेव्हापासून. विरजण लावतात ना, तसं. कढई बंद पडली तेव्हा ते तुटलं."

म्हणजे ओळ खरी होती. प्रत्येक वडीत आईच्या हातचे थोडेसे होते. प्राध्यापक परंतु आणि मी, दोघांनीही ती खोटी धरूनच वाद घातला, मी चाळीस निकाल वाचले, आणि चार गल्ल्या ओलांडून कढईपाशी जाऊन विचारले मात्र नाही. आता कायदा सैल झाला आहे, ती ओळ पुन्हा छापता येते. भाची म्हणते, तो छापत नाही, कारण आता ती खरी नाही.

तळटीप एक्केचाळीस मी मागे घेते. भावाची माफी मागते.

कलम ४. माझ्या कपाटात, शालीच्या घडीत, आईच्या शेवटच्या घाण्यातली एक वडी आहे. वापरायला जीव झाला नाही. माझ्या मृत्यूनंतर ती भावाला द्यावी, म्हणजे त्याने ती नव्या घाण्यात किसावी आणि ओळ पुन्हा छापावी.

कलम ४ रद्द. कारण: हे टंकलिखित करणाऱ्या बाई थांबून म्हणाल्या, "मॅडम, त्यासाठी मरायचं कशाला? फोन करा की." मी फोन केला. भाऊ अर्ध्या तासात आला, हाताला कढईचा वास तसाच. वडी नाकाशी धरून त्याने वास घेतला आणि म्हणाला, "ताई, किसणी आहे का घरात? इथंच थोडी किसून बघतो, सुकली असेल." मी रडले, हे नोंदवते. सदर वडी आता माझ्या मालमत्तेत नाही.

कलम २ मध्ये दुरुस्ती. भावाने हे सगळे वाचले आणि साक्षीदार म्हणून सही करतो म्हणाला. मी समजावले की ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, त्याचा वाटा बुडेल.

"मग माझं नाव काढ."

"अरे, अख्खा मजला आहे."

"तेव्हा तू माझ्याविरुद्ध सही केलीस. आता तुझ्यासाठी मला करू दे."

सबब वरचा मजलाही भाचीला.

वरील मजकूर मी वाचला, भावाने मोठ्याने वाचून दाखवला, आणि तो मला मान्य आहे.

ठिकाण: माझे जेवणाचे टेबल.
दिनांक: बारा, महिना दुसरा, दुपारी चार.

सही: तळटीपबाई

साक्षीदार
१. टंकलेखिका. (नव्या घाण्यातली पहिली वडी यांना द्यायची ठरली होती. साक्षीदार असल्याने त्यांनी ती विकत घेण्याचे कबूल केले आहे.)
२. साबणवाला, लिहून ठेवणारीचा धाकटा भाऊ. या मृत्युपत्रान्वये यांना काहीही मिळत नाही.