नावानिशी मत

प्रिय बाबा,

फोन तुम्ही माझाच काय, आईचाही उचलत नाही, म्हणून हे पत्र. आत्याला वाचून दाखवायला लावू नका, चष्मा लावा आणि स्वतः वाचा. आपल्यात गेले काही महिने 'मीठ दे' आणि 'दार लाव' यापलीकडे बोलणं झालं नाही, त्यामुळे जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

संसदेचं संकेतस्थळ नव्याने करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा तुम्हीच भेटेल त्याला कौतुकाने सांगत होतात. जुन्यावर होतं काय, तर घुमटाचे फोटो, सभापतींचा शुभसंदेश आणि बाग बघायच्या वेळा. समितीपुढे मी सांगितलं की विधेयकाचा मसुदा चर्चेआधी लोकांना वाचायला मिळावा, कुठली समिती कधी बसते आणि तिच्यापुढे आपलं म्हणणं कसं मांडायचं ते कळावं, भाषणं जशीच्या तशी असावीत. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मी म्हटलं, प्रत्येक मतदानात कोण हो म्हणालं, कोण नाही आणि कोण फिरकलंच नाही, हे नावानिशी त्याच दिवशी दिसावं. तोवर फक्त आकडा जाहीर व्हायचा, नावं सचिवालयाच्या कपाटात जायची. डोलणाऱ्या माना थांबल्या. तुम्ही समितीचे सदस्य म्हणून समोरच बसला होतात. म्हणालात, "अधिकारी बाई, लोकांना कायद्याशी मतलब. तो कुणी केला याच्याशी त्यांना काय करायचंय?" मी म्हटलं, "आणि झाला नाही, तर कुणी होऊ दिला नाही हे त्यांनी कुणाला विचारायचं, सर?" अध्यक्षबाईंनी हसू दाबलं. प्रस्ताव एका मताच्या फरकाने मंजूर झाला. ते मत तुमचं नव्हतं.

खरं भांडण पुढचं. लहानपणी तुमच्या मतदारसंघात मी जीपमधून तुमच्याबरोबर हिंडायचे. दगडखाणीतल्या बायका तोंडाला फडकी बांधून उभ्या असायच्या, पुरुष बोलता बोलता खोकत खाली बसायचे. तुम्ही त्यांचे धुळीने माखलेले हात हातात घेऊन म्हणायचात, "मी तुमच्याबरोबर आहे." मला तुमच्याएवढं उंच कुणी वाटायचं नाही. खाणमालकांनी पाणी फवारून धूळ बसवावी, मजुरांच्या छातीच्या औषधपाण्याचा खर्च द्यावा, एवढंच ते विधेयक. दरवेळी यायचं आणि दरवेळी पडायचं. खाणपट्ट्यातला एकही खासदार विरोधात नाही म्हणे, तरी पडायचं. कपाटातली जुनी मतं संकेतस्थळावर चढवताना मला कळलं ते कसं. तुमच्या नावापुढे 'नाही' हे मी माझ्या हाताने लिहिलं, एकदा नाही, दरवेळचं.

त्या संध्याकाळी जेवताना तुम्ही म्हणालात, "या अधिवेशनापासून सुरू कर. जुनं कशाला उकरतेस? स्वतःच्या बापाचं?" मी म्हटलं, "बापाचं वगळलं तर बाकीच्यांचं कुठल्या तोंडाने टाकू?" तुम्ही ताट सरकवलंत. "पक्षाची चूल कुणाच्या लाकडांवर पेटते, तुला ठाऊक नाही." आई तुमचं ताट उचलून आत गेली. संकेतस्थळावरचं मतांचं पान मात्र मी ठरल्या दिवशी लोकांसाठी खुलं केलं.

परवा विधेयक पुन्हा आलं. सचिवालयातल्या आमच्या खोलीत पडद्यावर एकेक नाव उमटत होतं. तुमचं आलं, त्याच्यापुढे 'हो'. मला वाटलं, यंत्र बिघडलं. मी सभागृहातल्या कारकुनाला फोन लावला. तो म्हणाला, "बिघडलं कसलं, बाई. साहेबांनी बटण दाबलं आणि पक्षाचा हुकूम सांगायला आलेल्या प्रतोदांना बसल्या जागेवरून नमस्कार केला." तुमच्यामागोमाग खाणपट्ट्यातल्या आणखी चौघांनी 'हो' दाबलं. विधेयक मंजूर झालं, बाबा. मी गटागटा पाणी प्यायले, डोळे पुसले आणि पान प्रसिद्ध केलं. थोड्याच वेळात बघणाऱ्यांची अशी झुंबड उडाली की संकेतस्थळ बंद पडलं. आमचे कचेरीतले साहेब ओरडतील म्हणून मी अंग चोरून बसले, तर ते म्हणाले, "पडू दे. कधी नव्हे ते चांगल्या कारणाने पडलंय."

काल एका वार्ताहराने मला गाठलं. वडिलांनी मत मनापासून दिलं की त्या पानाच्या धाकाने, असं विचारत होता. मी सांगितलं, ते मला माहीत नाही. पाणी उडालं की धूळ खाली बसते, ती कारण विचारत नाही. पण तुम्हाला म्हणून सांगते, मला माहीत आहे, मनापासूनच.

पक्षाने रातोरात तुम्हाला काढलं, आणि तुम्ही बॅग भरून आत्याकडे निघून गेलात. सगळं गमावलं असं धरून तुम्ही तिथे भिंतीकडे तोंड करून पडला असाल, तर ऐका. आज पहाटेपासून खाणींवरची माणसं आपल्या फाटकाशी जमली आहेत. ओसरी भरली, जिना भरला, आईने किती वेळा चहा टाकला ते तिलाच ठाऊक, शेवटी दूध संपलं. पक्ष गेला तर जाऊ दे, पुढच्या निवडणुकीला अपक्ष उभे राहा, प्रचार आमच्याकडे लागला, असं म्हणताहेत. त्यांच्यातली एक म्हातारी मला म्हणाली, "तुझ्या बापानं आजवर आमचे हात धरले. आज आम्ही त्याचा धरायला आलोय. तो आल्याशिवाय हलत नाही." हे पत्र घेऊन आलेला माणूस खडीच्या ट्रकवरचा ड्रायव्हर आहे. तो आत्याच्या दारात ट्रक चालू ठेवून उभा आहे आणि तुम्हाला घेतल्याशिवाय निघायचं नाही, असं त्याला बजावून पाठवलंय. तेव्हा चपला घाला आणि या. येताना दूध आणा.

तुमचीच,
हट्टी लेक