कलम सातवरची हरकत

ती. सिंधूताईस,

काशिनाथचा वाकून नमस्कार (वाकणं जमतं, उठताना टेबल धरावं लागतं). भावजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं ना? इथे कोलार रोडला मी, अपर्णा आणि लेक जुई, तिघं खुशाल. म्हणजे आता खुशाल; मागचा महिना कसा गेला ते सांगायलाच हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच रागावतेस.

आमच्या खात्यात लठ्ठपणा रोखण्यासाठी कायदा करायचं चाललंय, आणि मसुदा लिहायचं काम माझ्याकडे आलं. (माझं वजन सत्त्याण्णव किलो. आमच्या मॅडम म्हणाल्या, "अनुभवी आदमी चाहिए.") शाळेच्या कँटीनमध्ये तळलेलं नको, पाकिटावर साखर मोठ्या अक्षरांत लिहा, अशी सहा कलमं झाली आणि सातवं काही सुचेना. समोर दोन कचोऱ्या होत्या. त्या संपता संपता मी लिहिलं, की शाळांनी दर तीन महिन्यांनी मुलांचं वजन करावं आणि जागृतीसाठी ते प्रार्थनेनंतर वाचून दाखवावं (हिंदीत हे फार भारदस्त वाटतं). मॅडमनी त्या ओळीखाली शाबासकीची रेघ ओढली.

कायद्याआधी बारा शाळांत प्रयोग करून बघायचं ठरलं. यादीत जुईची शाळा होती. मला, खरं सांगतो, अभिमानच वाटला.

प्रयोग सुरू झाला त्या आठवड्यात जुईचा डबा भरलेलाच परत यायला लागला. पहिल्या दिवशी अपर्णाला वाटलं भाजी आवडली नसेल. चौथ्या दिवशी तिने पोरीला जवळ घेतलं, तेव्हा कळलं. माइकवरून नाव, वर्ग आणि एकोणपन्नास किलो. मागे कोणीतरी शिट्टी वाजवली होती.

"बाबा, असं वाचायचं कोणी ठरवलं?" जुईने विचारलं.

अपर्णाने माझ्याकडे नुसतं पाहिलं. ताई, बावीस वर्षांच्या नोकरीत इतका कडक मेमो मला कोणी दिलेला नाही. मी जुईला सांगितलं, "मी ठरवलं." ती उठून आत गेली. मला वाटलं होतं, रडेल तरी.

मसुद्यावर जनतेच्या हरकती मागवल्या होत्या. मी साध्या कागदावर एक पालक म्हणून हरकत लिहिली. ती टपालात टाकली ती माझ्याच टेबलावर आली. मीच शिक्का मारला, मीच नंबर घातला आणि मीच मला पोच दिली.

एम. पी. नगरच्या हॉलमध्ये सुनावणी झाली. माझा नंबर पुकारला तसा मी उभा राहिलो.

मॅडम म्हणाल्या, "काशिनाथजी, आप बैठिए, आपत्तिकर्ता को बोलने दीजिए." (हिंदीत हरकतीला आपत्ती म्हणतात.)

"मॅडम, मैं ही हूँ."

"और जवाब कौन देगा?"

"वो भी मैं ही."

सगळा हॉल हसला. मी मात्र घामाने भिजलो होतो, कारण बढतीची फाइल मॅडमकडेच आहे. तरी सांगितलं, की एक अकरा वर्षांची मुलगी चार दिवस शाळेत उपाशी राहिली आणि हे कलम लिहिणारा तिचा बाप आहे. तेव्हा इंद्रपुरीच्या एक मुख्याध्यापिका उठल्या. त्यांच्या शाळेत वजनाच्या दिवशी सात मुली आल्याच नव्हत्या. मग कोणी हसलं नाही. मॅडमनी उत्तर मागितलं. मी म्हटलं, हरकत बरोबर आहे, कलम काढावं.

मॅडमनी मसुदा पुढे ओढून त्या ओळीवर पेन टेकवलं. मग म्हणाल्या, "काट दीजिए. पर जगह खाली नहीं रहेगी."

आता सातवं कलम असं आहे : वजन नर्सने एकेकाला वेगळं बोलावून करावं, चिठ्ठी बंद पाकिटात द्यावी, आणि शाळेचं मैदान संध्याकाळी सातपर्यंत वस्तीतल्या मुलांसाठी उघडं ठेवावं. विधेयक अजून विधानसभेत जायचंय, पण जुईच्या शाळेने कुलूप आत्ताच काढलं. पहिले दोन दिवस ती कठड्यावर बसून होती. काल धावली. घरी येऊन तीन पोळ्या खाल्ल्या आणि माझ्याशी बोलली (‘पाणी दे’ एवढंच, पण बोलली).

सर्वांना यथायोग्य सांग.

तुझा,
काशिनाथ

ता. क. मैदान उघडं ठेवायला एक जबाबदार मोठं माणूस लागतं. तू जिल्ह्याकडून खो-खो खेळलेली आहेस. भावजींना घेऊन दोन महिने ये ना. जुई रोज अपर्णाला विचारते.

ता. क. २ : मैदानासाठी तुझ्या नावाने अर्ज दिलाय. वय पंचावन्न लिहिलंय (त्यापुढचं चालत नाही) आणि तुझी सही मीच केलीय. कोणी विचारलं तर दोन्ही तुझीच आहेत म्हणून सांग.